राबाची राख आणि उल्हासची जलपर्णी

(बदलापूरच्या सोनिवली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वर्गात विज्ञान शिकवायचे आणि आषाढात स्वतःच्या खाचरात चिखलणीला उतरायचे. त्यामुळे ‘सजीव आणि पोषणद्रव्ये’ हा विषय आला तेव्हा मी एक ठरवले, की जीवनसत्त्वांच्या तक्त्यापासून सुरुवात करायची नाही. तो तक्ता शाळेच्या पुस्तकात आहे आणि परीक्षा झाली की विसरून जाण्यासाठीच तो असतो, हा आपणा सर्वांचा अनुभव. मी राबापासून सुरुवात करतो.

समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी अनेकांनी राब भाजताना पाहिला नसेल. जिथे राब भाजायचे तिथे आता इमारतींचे पार्किंग आहे. ठाणे-कुलाब्याच्या (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) भातपट्ट्यात आवणासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, जी जागा राखून ठेवत, तिच्यावर फाल्गुन-चैत्रापासून थर चढायचे. खाली शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळीचे टाळ, मग पालापाचोळा, गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. आग भडकू नये, दबत दबत सरकावी, म्हणून वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचे. पहिला पाऊस पडला की त्या काळ्या-करड्या राखेत भात पेरायचे आणि तीन-चार आठवड्यांनी आवण काढून लावणी.

इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली आणि टाळ तोडायला बंदी आली. त्यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्याचा वन आयोग नेमावा लागला. त्या आयोगापुढचा एक मोठा प्रश्न राबाचाच होता. साहेबाचे म्हणणे सरळ होते : शेण आणि पाला जाळणे म्हणजे खत जाळणे. शेतकऱ्याचे म्हणणे त्याहून सरळ होते : राबाशिवाय आवण येत नाही.

दोघेही अर्धे बरोबर होते. शेण जळले की त्यातले नत्र धुराबरोबर हवेत जाते, याबद्दल वाद नाही. पण स्फुरद, पालाश आणि चुना राखेत उरतात. आणि मुख्य म्हणजे त्या धगीने वरची चार बोटे माती तापते. तणाचे बी मरते, मातीतले बरेचसे सूक्ष्म जीव मरतात आणि पाऊस पडल्यावर त्यांच्या मेलेल्या पेशींतले नत्र कोवळ्या रोपाला उचलता येईल अशा रूपात मोकळे होते. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या आपल्या सहकाऱ्यांबरोबर या राब पद्धतीचा रीतसर रासायनिक अभ्यास केला आणि तो १९१२ साली छापला. अडाणी म्हणून हिणवलेल्या पद्धतीकडे प्रयोगशाळेने इतक्या गंभीरपणे पाहिल्याची उदाहरणे त्या काळात फार नाहीत. मला मान साहेबांबद्दल आदर आहे तो यासाठी.

राबाकडे मी आणखी एका नजरेने बघतो. डोंगरावरच्या आणि वरकस जमिनीवरच्या झाडांनी वर्षभर मुळांनी खालून ओढून काढलेले पोषण माणूस डोक्यावर वाहून आपल्या खाचरात आणत होता. राब म्हणजे अन्नद्रव्यांची वाहतूक. माझे आजचे सगळे बोलणे या वाहतुकीबद्दलच आहे.

वनस्पतीला जगायला सतरा मूलद्रव्ये लागतात. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही हवापाण्यातून मिळतात, बाकीची चौदा मुख्यतः मातीतून. यांतले एक जरी कमी पडले तरी बाकीची तेरा कितीही असली तरी उपयोग नाही. ही गोष्ट कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८च्या सुमारास मांडली आणि युस्टुस लीबिगने तिचा एवढा डंका पिटला की आज नियम लीबिगच्याच नावावर आहे. नियम समजायला लाकडी पिंपाचे उदाहरण देतात. फळ्या उंचसखल असतील तर पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच राहते. इतर फळ्या उंच करून काही होत नाही.

आपल्याकडची आखूड फळी कशी सापडते पाहा. साठच्या दशकात उत्तरेच्या तराईत भाताची पाने तांबूस पडून रोपे खुजी राहू लागली. लोक याला खैरा म्हणत आणि रोग समजून औषधे मारत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातले वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले की इथे ना बुरशी आहे ना जंतू. जस्त कमी आहे. हेक्टरी पाचेक किलो झिंक सल्फेट चुन्याबरोबर फवारले की पीक हिरवे. रोगतज्ज्ञाने ‘हा रोगच नाही’ असे म्हणायला मोठे मन लागते. त्याच्या काही वर्षे आधी इराणमधल्या शिराझला डॉ. आनंद प्रसाद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांना वाढ खुंटलेली मुले दिसत होती. खाणे जवळजवळ सगळे रोटीचे. तिथेही आखूड फळी जस्ताचीच निघाली. भाताचे रोप आणि माणसाचे पोर एकाच धातूवाचून खुजे राहते, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

आता आपल्या खाचराकडे येऊ. एक टन भात पिकायला दाणा आणि पेंढा मिळून साधारण १५ ते २० किलो नत्र लागते. ते देण्यासाठी आपण युरिया फोकतो. उभ्या पाण्यात फोकलेल्या युरियाचे काय होते? काही दिवसांत त्याचा अमोनिया होऊन काही भाग उडून जातो, काही पाण्याबरोबर बांधावरून वाहतो आणि काहीचे नायट्रेट होऊन ते खालच्या हवाबंद चिखलात गेले, की तिथले जंतू त्याचा पुन्हा वायू करून टाकतात. दिलेल्या नत्रापैकी निम्मेही पिकाच्या पोटात जात नाही, हा बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे. गोणी स्वस्त म्हणून हे कुणाला बोचत नाही, एवढेच.

यावर आपल्याच मातीत एक चांगला उपाय निघाला. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती इथल्या काही शेतकऱ्यांनी केली असेल. पहिले सूत्र, भाताच्या तुसाची राख आवणाच्या वाफ्यात आणि पेंढा शेतात. दुसरे, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीआधी पसरणे. तिसरे, दोरीवर नियंत्रित लावणी, २५ आणि १५ सेंटिमीटर आलटून पालटून, म्हणजे चार चुडांचा एक छोटा चौकोन तयार होतो. आणि चौथे, त्या प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाची, हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या. खोल चिखलात ती गोळी हळूहळू विरघळते, अमोनिया मातीच्या कणांना धरून राहतो आणि मुळे तिथवर पोचतात. वर पाणी वाहून गेले तरी खत जात नाही.

पहिले सूत्र मला फार आवडते. तुसाच्या राखेत भरपूर सिलिका असते. भात हे सिलिका अधाशासारखी उचलणारे पीक आहे; तिने पान ताठ राहते, किडीच्या दातांना ते कडक लागते, रोप लोळत नाही. एका बाजूला राब बंद पडला आणि दुसऱ्या बाजूला राख आवणाच्या वाफ्यात परत आली, जंगल न तोडता. गिरण्यांच्या मागे तुसाचे ढीग पडायचे, तेच कामाला आले. अडचण एकच, साठ हजार गोळ्या खुपसायला वाकणाऱ्या पाठी हव्यात, आणि त्या पाठी आता सकाळी ६.२०च्या लोकलमध्ये उभ्या असतात.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरायची आपली रीत. वालाच्या मुळांवरच्या गाठी चिरून बघा, आत गुलाबी रंग दिसतो. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे. त्या गाठीतले जंतू हवेतले नत्र पकडतात. त्यांना ऑक्सिजन चालत नाही आणि ऑक्सिजनवाचून भागतही नाही, म्हणून झाड त्यांना तो मोजून-मापून पुरवते, या लाल द्रव्याच्या हाताने. कारखान्यात हेच काम करायला फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांना काही शे अंश तापमान आणि शेकडो पट दाब लागला. पहिला मोठा कारखाना १९१३ साली जर्मनीत ओपाऊला सुरू झाला. वाल ते काम मार्गशीर्षातल्या थंडीत, दवावर करतो.

आणि तोच वाल ताटात येतो तेव्हा दुसरी फळी भरून काढतो. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी, कडधान्यात ते भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते तांदूळ देतो. बिरडे करायला वाल मोड आणून सोलतात, त्या मोड येण्यात लोह आणि जस्त बांधून ठेवणारे फायटेट काही प्रमाणात मोडते. वर लिंबू पिळले तर लोह आतड्यात जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. यापलीकडे आहारशास्त्राचे प्रवचन मी देणार नाही.

मात्र एका बाईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ती आपल्या मुंबईत घडली. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत कामाला आली. गिरणगावातल्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय व्हायचा. रक्तातल्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने फुगलेल्या. अनेकजणी मरत. विल्स बाईंनी आधी जंतू शोधला. मिळाला नाही. मग त्या घरोघरच्या ताटांत बघू लागल्या : कोण काय खाते, भाजी किती, फळ किती. जिथे ताट गरीब तिथे हा आजार जास्त. त्या बायकांसारखेच खाणे त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि पुढे माकडांना दिले. उपायांमागून उपाय करून बघताना मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क लागू पडला. बिअरच्या भट्टीतला उरलासुरला गाळ, त्यापासून केलेला, दिसायला काकवीसारखा काळा. तो पोटात गेल्यावर बायका काही दिवसांत हुशारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे छापले. त्यात नेमके काय होते हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पाल्यातून ते द्रव्य वेगळे केले गेले आणि १९४५च्या सुमारास आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या चमूने ते अमेरिकेत प्रयोगशाळेत तयार केले. तेच फॉलिक ॲसिड. आज आशाताई गरोदर बाईच्या हातात जी लाल गोळी ठेवतात आणि शाळेतल्या मुलींना आठवड्याला जी निळी गोळी मिळते, तिच्यात लोहाबरोबर हे असते, ५०० मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका खड्याइतकेही नाही.

परळच्या त्या कामाला शतक होत आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालच्या मुलांत जवळपास ६९ टक्के. पाचांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी. फळी कुठली आखूड आहे हे आपल्याला ठाऊक नाही असे आता म्हणता येत नाही.

पावसाच्या तोंडाशी बदलापूरच्या बाजारात आदिवासी बायका शेवळे घेऊन बसतात. सोबत काकडे, कारण शेवळ्यातल्या सुयांसारख्या बारीक स्फटिकांनी घसा खाजतो आणि काकड्याच्या आंबटपणाशिवाय ती भाजी जमत नाही. मागून टाकळा, कुर्डू, भारंगी येते. फोलेट, लोह, चुना, जे गोळीत घालावे लागते त्यातले बरेच या टोपल्यांत असते. पण टोपली शहरातल्या माणसाच्या पिशवीत रिकामी होते आणि तिची मालकीण तांदूळ-मीठ-मिरची घेऊन घरी जाते. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे भाजीही नाही आणि अंगणवाडीही नाही. अन्नद्रव्यांची वाहतूक म्हटले ती हीसुद्धा. डोंगरातून खाली, गरिबाकडून पैसेवाल्याकडे.

आता शेवटचा टप्पा. ताटात आलेले नत्र पुढे जाते कुठे?

वाढ पूर्ण झालेला माणूस जितके नत्र खातो जवळजवळ तितकेच बाहेर टाकतो. दिवसाला ५० ग्रॅम प्रथिने धरा. प्रथिनांत नत्र सोळा टक्के, म्हणजे ८ ग्रॅम. वर्षाचे झाले २.९ किलो. त्यातले बहुतेक लघवीतून जाते. २०११च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. आज ती त्याहून पुष्कळ आहे, पण जुनाच आकडा घेऊ. पावणेदोन लाख गुणिले २.९. वर्षाला पाचशे टन नत्र. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. म्हणजे आपले गाव दरवर्षी सुमारे चोवीस हजार गोण्या युरियाइतके नत्र संडास-मोरीतून सोडते. कच्चा हिशेब आहे, मुले कमी खातात, कोणी जास्त खाते; पण चोवीसचे वीस झाले तरी मुद्दा बदलत नाही. हे नत्र पंजाबच्या गव्हातून, विदर्भाच्या तुरीतून, आंध्रच्या तांदळातून इथे आले. तिकडच्या शेतकऱ्याने ते खताच्या दुकानातून आणले. इथे ते एकदा वापरले आणि सोडून दिले.

सोडले ते उल्हास नदीमध्ये. राजमाचीच्या बाजूने निघून कर्जत, नेरळ, वांगणी करत ती आपल्याकडे येते. उन्हाळ्यात तिच्यात जे पाणी दिसते ते मुख्यतः भिवपुरीच्या वीजघरातून आणि बारवी धरणातून सोडलेले. आपण ते पाणी पितो, आपल्या खालचे लोकही पितात, आणि मध्ये नाले येऊन मिळतात. बांध घातलेल्या संथ पाण्यात, कल्याणजवळच्या मोहन्यापर्यंत, उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. पेपरात फोटो येतो, ‘नदी की मैदान’ असा मथळा असतो, मग यंत्र येते.

जलपर्णी मूळची ॲमेझॉनची. फुले सुंदर म्हणून हौसेने आणलेली. तिला जमीन लागत नाही, मुळे पाण्यात लोंबतात आणि पाण्यात विरघळलेले नत्र-स्फुरद थेट उचलतात. सोय असेल तर एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिने पाणी झाकले की खाली उजेड जात नाही, हवा मिसळत नाही; खालचे शेवाळ मरते, कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे तळमळतात. पण तिला राक्षसीण ठरवून आपण मोकळे होतो ते मला पटत नाही. आपणच वर्षभर ज्या गोण्या पाण्यात ओतल्या त्या खाऊन ती वाढली. चांगले खत दिलेल्या भाताने जे केले असते तेच तिने केले.

इथे दोन गोष्टी कारभाऱ्यांच्या कानावर घालायच्या आहेत. एक, ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र झाले की प्रश्न मिटला’ हा समज अर्धवट आहे. साध्या प्रक्रियेत घाण कुजवून पाण्याचा वास आणि प्राणवायूची भूक, म्हणजे बीओडी, कमी होते. ते हवेच. पण नत्राचा आणि स्फुरदाचा मोठा भाग नायट्रेट आणि फॉस्फेट होऊन, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून पुढे जातो, त्यासाठी वेगळी व्यवस्था केली नसेल तर. जलपर्णीला ते पाणी उलट जास्त मानवते. त्यामुळे केंद्राच्या तोंडाशी मोजताना फक्त बीओडी मोजू नका, नत्र आणि स्फुरदही मोजा आणि तो आकडा लोकांना दिसेल असा लावा. प्रक्रिया केलेले हे पाणी नदीऐवजी रोपवाटिकांना, बागांना, जिथे खाचरे उरली आहेत तिथे उन्हाळी गवताला देता येईल का, याचा विचार अभियंत्यांनी करावा. त्यांना ते जमते, फक्त कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट जलपर्णी काढण्याची. काढली तर त्यात अडकलेले नत्र-स्फुरदही नदीबाहेर येते, हा तिचा एकमेव उपकार. पण नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असलेला तो ढीग वाहून नेणे महाग पडते म्हणून तो काठावरच टाकतात. तो तिथे कुजतो आणि पहिल्या पावसात त्याचा सगळा रस पुन्हा नदीत. म्हणजे पैसे खर्च करून आपण जलपर्णीचे खत तयार करतो आणि जलपर्णीलाच घालतो. काठापासून दूर नेऊन, शेणकाला शिंपडून, पेंढ्याचे थर देत त्याचे कंपोस्ट होते. मात्र एक पथ्य पाळावे लागेल.  अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायथ्याने जाणारी वालधुनी नदी पुढे औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी घेऊन येते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. जलपर्णी जड धातूही तितक्याच निमूटपणे उचलते. म्हणून रासायनिक नाल्याच्या तोंडची जलपर्णी भाजीच्या वाफ्यात नको. तपासून घ्या, शंका असेल तर रस्त्याकडेच्या झाडांना घाला.

यंदा काढणी सुरू होईल तेव्हा यंत्र किती दिवस चालले हे विचारण्याऐवजी ढीग कुठे गेला हे विचारा, आणि तो वळवाच्या सरीआधी काठावरून हलला की नाही हे स्वतः जाऊन बघा. ज्यांच्याकडे अजून पाचदहा गुंठे खाचर आहे त्यांनी थोडे कंपोस्ट मागून घ्यावे आणि निम्म्या शेतात घालून, निम्मे तसेच ठेवून, फरक पाहावा. गुरुजींनी हेच करायला सांगितले असते. ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी पुढे यावे, माइक चालू आहे.